वेताच्या पेटीतून

मुलीच्या पासपोर्टसाठी फोटो हवा होता तेव्हा ती चार महिन्यांची होती. चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो आपणच न्यायचा असतो. मागे पांढरं, डोळे उघडे, चेहरा सरळ आणि धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. पुण्यातल्या एका स्टुडिओत दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा ती ऐन क्षणी डोळे मिटून मोकळी. शेवटी काटेवाडीला, माझ्या माहेरी, आजीनं ट्रंकेतून आजोबांचं धोतर काढलं, पलंगावर अंथरलं, त्यावर मुलीला निजवलं आणि मी खुर्चीवर चढून वरून फोटो घेतला. तुकोबांची पालखी आमच्या गावात येते तेव्हा परीट समाजाची मंडळी तिच्यापुढं धोतरांच्या पायघड्या घालतात. आजी म्हणाली, "झालं, हिची बी पालखी निघाली."

डिसेंबरात चार रात्रींसाठी दुबईला जायचं ठरलं होतं. काम नाही, नातेवाईक नाहीत, नुसती सुट्टी. बाळंतपणानंतर मला आणि नवऱ्याला कुठंतरी जायचं होतं, एवढंच कारण. मुलगी तोवर सात महिन्यांची होणार होती. मी सॉफ्टवेअरमधली, त्यामुळं पहिलं काम केलं ते एक्सेल शीट. वस्तू, नग, वजन, कुठल्या बॅगेत, आणि शेवटचा रकाना 'नसली तर काय होईल'. डायपर, झबली, थर्मामीटर, तापाचं औषध, लसीकरणाचं कार्ड. आजीची यादी तोंडी होती आणि रोज वाढत होती. कुंची, बाळोती, वाकळ, वेखंड, गुटीचं सामान, ती उगाळायला सहाण, काजळाची डबी, आणि माझ्यासाठी डिंकाचे लाडू. माझ्या शीटमधली निम्मी यादी पुरवायला एक बॅग पुरली असती. आजीच्या यादीतल्या सहाणेचंच वजन पाऊण किलो भरलं.

बोलणी खायची तयारी होतीच. "तान्ह्याला घेऊन कशाला जाताय?" हे अपेक्षित होतं. पण जे पुन्हा पुन्हा ऐकू आलं ते दुसरंच वाक्य होतं: "तिला काय आठवणार आहे?" आत्या म्हणाली, शेजारच्या काकू म्हणाल्या, ऑफिसातला टीम लीडसुद्धा म्हणाला. जणू न आठवणारा प्रवास हा प्रवासच नव्हे.

याच दिवसांत मी मराठी प्रवासवर्णनं वाचत होते. एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात फोन अशा अवस्थेत लांबलचक कादंबरी जमत नाही, प्रवासवर्णन जमतं. कुठंही थांबता येतं. माहिती मला नको होती. विमान उतरताना बाळाला पाजत राहावं म्हणजे कान दुखत नाहीत, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला सोबत हवी होती. माझ्याआधी कुणीतरी ही बॅग भरली असेल, त्यात काय बसलं नाही म्हणून चडफडलं असेल, असं वाटत होतं.

'अपूर्वाई'पासून सुरुवात केली, कारण सगळेच तिथून करतात. १९६० चं पुस्तक. निघण्याआधीची धांदल पुलंनी मजेत रंगवली आहे. सल्ले देणारे, कपड्यांची खरेदी, विलायतेला जाणाऱ्या माणसाकडं बघण्याची आपली नजर, हे सगळं आजही हसवतं. शि. द. फडणीसांची चित्रं तर सोन्याहून पिवळी. पण यावेळी वाचताना मला एक खटकलं. तयारीची पानं आहेत ती तयारीला येणाऱ्या माणसांवर आहेत. बॅगेत काय गेलं, कुणी घडी घातली, काय काढून ठेवावं लागलं, हे त्या हशाच्या मागं राहतं. जाणारे दोघं, पुलं आणि सुनीताबाई. व्यवहार बघणारी आणि विनोद करणारा अशी विभागणी पुस्तकात गृहीतच आहे आणि आपणही ती गोड मानून वाचतो. बरोबर तीस वर्षांनी, १९९० मध्ये, सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' आलं आणि त्याच घराचा व्यवहार कुणाच्या अंगावर होता हे दुसऱ्या बाजूनं कळलं. ती दोन पुस्तकं मी पहिल्यांदाच लागोपाठ वाचली. 'अपूर्वाई' त्यामुळं लहान होत नाही. फक्त तिच्यातली बॅग कशी भरली गेली असेल, हा प्रश्न मग पाठ सोडत नाही.

सामान मराठी प्रवासवर्णनात नाहीच, असं म्हणता येणार नाही. विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' घ्या. १८५७ च्या धामधुमीत दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेलेला वरसईचा भिक्षुक परतताना आईवडिलांच्या स्नानासाठी गंगेची कावड घेऊन येतो. लुटालूट, जाळपोळ, झाशी, हे सगळं आपण वाचतो ते इतिहास म्हणून, पण परतीच्या वाटेवर माझा जीव त्या कावडीत अडकला होता. सांडलं तर? ओझं प्रवासाला अर्थ देतं, हे त्या भटजीला बरोबर कळलं होतं. पुढच्या शतकात प्रवास जसा हौसेचा झाला तसं ओझं लिहिण्यातून गेलं. मीना प्रभूंनी एकटीनं जग फिरणारी मराठी बाई पुस्तकात आणली, हे मोठंच काम. त्यांच्यामुळं माझ्या आईच्या पिढीतल्या बायकांना नकाशे बघावेसे वाटले. पण ती बाई मोकळी आहे ती घर मागं ठेवून निघाल्यामुळं. ते मागं ठेवणं ही तिची कमाई आहे, मान्य. ज्या बाईचं घर सात किलोचं आहे आणि दर तीन तासांनी भुकेनं रडतं, तिनं काय वाचावं?

उत्तर मला अनपेक्षित जागी सापडलं. आमच्या शेजारच्याच तालुक्यात.

पंडिता रमाबाई म्हटल्यावर आपल्याला धर्मांतर, शारदा सदन, टिळकांशी वाद आणि दौंड तालुक्यातलं केडगावचं मुक्ती मिशन आठवतं. मलाही तेवढंच ठाऊक होतं; केडगावच्या फाट्यावरून, चौफुल्यावरून, शेकडो वेळा गेले असेन. १९०७ मध्ये त्यांनी 'अ टेस्टिमनी' नावाची छोटी पुस्तिका इंग्रजीत लिहिली. ती श्रद्धेची साक्ष म्हणून लिहिलेली आणि वाचलीही तशीच जाते. पण तिच्या सुरुवातीलाच एक तपशील आहे. १८५८ मध्ये गंगामूळच्या रानात जन्मलेली रमा सहा महिन्यांची असताना अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई घर सोडून निघाले. मुलीला एका मोठ्या वेताच्या पेटीत घातलं आणि डोंगरावरून खाली आणलं. आपलं यात्रेकरूचं आयुष्य तिथून सुरू झालं, असं रमाबाई म्हणतात.

रात्री दोन वाजता हे वाचून मी उठून बसले. सहा महिन्यांच्या बाळाला हे आठवणं शक्य नाही. घरच्यांनी सांगितलेलंच असणार. तरीही पन्नाशीला टेकलेली, तीन खंड पाहिलेली बाई आपल्या प्रवासाची सुरुवात मांडते ती न आठवणाऱ्या प्रवासापासून. मुंबईच्या बंदरापासून नाही, कलकत्त्यात 'पंडिता' ही पदवी मिळाली तिथूनही नाही. पेटीपासून. आणि दुसरं म्हणजे, मूल प्रवासात असतं तेव्हा ते बहुधा सामानात मोजलं जातं. इथं पेटीच्या आत जे होतं त्यानंच पुढं लेखणी हातात घेतली. सामानानं लिहिलेलं दुसरं प्रवासवर्णन माझ्या वाचनात नाही.

तीच बाई एप्रिल १८८३ मध्ये इंग्लंडला निघाली तेव्हा तिच्याबरोबर दोन वर्षांची मनोरमा होती. नवरा, बिपिन बिहारी मेधावी, आदल्या वर्षी वारलेला. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक विकून भाड्याचे पैसे उभे केलेले. (आजच्या विमान कंपन्यांच्या हिशेबात दोन वर्षं झालेल्या मनोरमाचं पूर्ण तिकीट काढावं लागलं असतं, आमची मुलगी मांडीवर, तिकिटाच्या साधारण दहा टक्क्यांत. पुस्तक विकून दुबईचं भाडं निघेल असा मराठी लेखक मला अजून भेटायचा आहे.) त्या प्रवासाचं वर्णन रमाबाईंनी सदाशिव पांडुरंग केळकरांना पत्ररूपानं लिहिलं आणि त्याच वर्षी ते 'इंग्लंडचा प्रवास' म्हणून छापलं गेलं. परदेशप्रवासावरच्या मराठी बाईच्या लेखनात हे अगदी आरंभीचं. म्हणजे या परंपरेच्या उंबरठ्यावरच एक लहान मूल आहे, कडेवर. आपल्या समीक्षेनं तिथं परदेशगमन पाहिलं, धर्म पाहिला, वसाहतवाद पाहिला. कडेवरचं मूल पाहायचं राहिलं.

आणि ते पाहिलं तर पुढची गोष्ट वेगळी दिसते. १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. मनोरमाही बरोबर होती. पुढं तिला इंग्लंडला परत पाठवावं लागलं आणि आई व्याख्यानं देत अमेरिका फिरत राहिली. रमाबाईंचा पत्रव्यवहार ए. बी. शहांनी संपादित केला, १९७७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात इंग्लंडमधल्या सिस्टर जेराल्डिनशी झालेला वाद आहे. विषय धर्मतत्त्वांचा असतो, पण वादाच्या मधोमध मनोरमा आहे. तिला काय शिकवायचं, कुणी, कुणाच्या हक्कानं. मूल बरोबर नेलं तर लोक बोलतात आणि ठेवून गेलं तरी बोलतात, हे दीडशे वर्षांपूर्वीही तसंच होतं. फरक इतकाच की रमाबाई उत्तर लिहीत होत्या, लांबलचक आणि न कचरता. मी टीम लीडला फक्त हसून दाखवलं होतं.

इथं मला स्वतःलाच टोकावंसं वाटतं. दुबईच्या सुट्टीसाठी पासपोर्ट काढणारीनं रमाबाईंच्या शेजारी बसायचं म्हणजे जरा जास्तच. शिवाय मी ज्याला मराठीतली उणीव म्हणतेय ती पुस्तकांतली आहे, रस्त्यावरची नाही. दिवाळी झाली की आमच्या भागातून धनगरांचे वाडे कोकणाकडं उतरायला लागतात. मेंढरं पुढं, मागं घोडं. घोड्यावर पाल, भांडी, कोंबड्या, कधी कोकरू आणि त्यांच्यातच एक मूल. एवढं मोजून-मापून बांधलेलं सामान मी कुठल्या विमानतळावर पाहिलेलं नाही. कोकरू कुठं आणि मूल कुठं, हे ठरवणारी बाई माझ्या शीटला हसेल. त्याच सुमाराला भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचा हंगाम सुरू होतो आणि फडाच्या कडेला झोळ्या दिसू लागतात. साडीची झोळी, झाडाच्या फांदीला किंवा गाडीच्या दांडीला. या बायका दरसाल तान्ह्या मुलांना घेऊन जिल्हे ओलांडतात आणि त्याला आपण प्रवास म्हणत नाही, स्थलांतर म्हणतो. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार कुणाच्या बॅगेला बॅग म्हणतो आणि कुणाच्या बॅगेला बोचकं, याचं उत्तर त्या एका शब्दाच्या फरकात आहे. माझी तक्रार माझ्या वर्गाची आहे, हे कबूल करून मी ती मागं घेत नाही. पेटीतलं मूल लिहायला लागलं तर झोळीतलंही कधीतरी लागेल.

लाडवांचं राहिलं. आजीच्या डिंकाच्या लाडवांत खसखस होती आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे. अफूच्याच झाडाचं बी ते. हे मी निघायच्या चार दिवस आधी वाचलं. शेवटच्या रकान्याला मी जरा वेगळं नाव द्यायला हवं होतं: 'असली तर काय होईल'. आजीला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

"आगं, बाळंतिणीला खसखस चालत न्हाई, असलं कसलं गाव?"

"आजी, तुरुंगात टाकतात."

"लाडवापायी?"

"खसखशीपायी."

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग बिनखसखशीचं करती. पर अंगाला लागायचं न्हाईत, सांगून ठिवते." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डिंक तळायला बसली, गुडघे धरून. पहिले लाडू घरच्यांनी खाल्ले. गुटीचं सामान आम्ही दोघींनी बसून निवडलं. ते न्यायचं नाही यावर ती राजी झाली, सहाणेवर मात्र अडून बसली. सहाण कशासाठी, गुटीच नाही तर? "असू दे," म्हणाली. कारण दिलं नाही.

निघायच्या दिवशी बॅग वाण्याच्या काट्यावर नेली. तेवीस किलोची मर्यादा, काटा तेवीस सातशेवर. मी वाकळ काढली. आजीनं परत घातली आणि माझी दोन पुस्तकं काढली. तेवीसच्या आत आली. वाण्यानं बाळालाही काट्यावर ठेवायला सांगितलं, गंमत म्हणून. सात किलो दोनशे. विमानातल्या पाळण्याची मर्यादा त्याहून बरीच वर होती, ते मी आधीच पाहून ठेवलं होतं.

पाटसमार्गे निघालो. चौफुल्याला तिला भूक लागली म्हणून नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली, केडगावच्या फाट्याजवळ. मी पाजत होते आणि काचेतून डावीउजवीकडं धावणारे ट्रक बघत होते. तिला त्यातलं काही आठवणार नाही. धोतराचं, काट्याचं आणि बिनखसखशीच्या लाडवांचं मी तिला सांगेन.