नाक्यावरचा खेळ

निपाणीहून कोल्हापूरकडे निघालेल्या माणसाने कोगनोळीचा नाका ओलांडला की मुलूख बदलतो. भाषा, भाकरी आणि सोयरीक मात्र पूर्वीचीच राहते. अशा सीमेवरच्या गावी बसून वर्षभर जे संगणकीय खेळ मी खेळलो, त्यांतले काही मनात घर करून राहिले आणि काहींनी घोर निराशा केली. असे का व्हावे, याचा शोध घेण्याचा हा यत्न आहे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या लेखी हे खेळ म्हणजे व्यसन आणि तरुणांच्या लेखी करमणूक. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने केला, तेव्हा जुगार आणि खेळ यांतील भेद निदान सरकारदरबारी नोंदला गेला. समाजाच्या मनात तो अजून रुजायचा आहे.

खेळ ही कला आहे असे मानले, तर तिचे स्वतःचे माध्यम कोणते? चित्र, संगीत आणि कथा ही तिने भगिनीकलांकडून आणलेली लेणी होत. काव्याला जसा शब्द, तसा खेळाला नियम: खेळणाऱ्याला काय करता येते, काय करता येत नाही, आणि केलेच तर त्याची किंमत काय पडते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतच त्याचा आशय वसतो.

या कसोटीवर यंदा मी अग्रपूजेचा मान 'पेपर्स, प्लीज' या 2013 सालच्या खेळाला देतो. लुकास पोप यांच्या या कृतीत आपण आरस्टोट्स्का या काल्पनिक राष्ट्राच्या सीमेवरील, युद्धाने दुभंगलेल्या ग्रेस्टिन शहराच्या नाक्यावर तपासनीस असतो. समोर आलेल्या माणसाचा परवाना पाहायचा, नाव, तारीख, छायाचित्र ताडून घ्यायचे आणि मंजुरीचा वा नामंजुरीचा शिक्का उठवायचा, एवढेच काम. परंतु वेतन मिळते ते तपासलेल्या माणसांच्या संख्येवर, पहिल्या दोन चुका केवळ ताकिदीवर निभावतात आणि त्यापुढील प्रत्येक चुकीला दंड होतो, तर घरी अन्न, ऊब आणि औषध यांचा खर्च रोज आ वासून उभा असतो. एका नवऱ्याचे दस्तऐवज चोख असतात, मागून येणाऱ्या बायकोपाशी मात्र प्रवेशाचा परवाना नसतो. अशा क्षणी दया करावी तर तिची किंमत आपल्या मुलाच्या औषधातून वजा होईल काय, हा हिशेब मनात आपोआप सुरू होतो. 2021 साली कोगनोळीच्या नाक्यावर आरटी-पीसीआर अहवाल नसलेल्या गाड्या परत फिरवल्या जात असताना मी काचेपलीकडच्या माणसावर मनोमन रागावलो होतो. हा खेळ खेळल्यावर तो राग सर्वस्वी निवळला असे नाही, पण हुकूम बजावणाऱ्याच्या खुर्चीवर बसून मी स्वतः किती लवकर कठोर झालो, हे मला कळले. आणि हे ज्ञान कोणत्याही संवादाने नव्हे, वेतनाच्या त्या एका नियमाने दिले.

दुसरा मान 'चांट्स ऑफ सेनार' या 2023 सालच्या फ्रेंच खेळाचा. बेबेलच्या मनोऱ्याच्या प्राचीन कथेवर उभारलेल्या या खेळात मजल्यामजल्यावर निरनिराळे लोकसमूह राहतात आणि एकाला दुसऱ्याचे अक्षर कळत नाही. फलकावरून, हावभावांवरून, संदर्भावरून चिन्हांचा अर्थ तर्काने ताडायचा आणि वहीत टिपायचा. एका भाषेत अनेकवचनासाठी तेच चिन्ह दोनदा येते, दुसरीत वाक्यातला पदक्रमच पालटतो. जो सीमाभागात वाढला, ज्याने दुकानाच्या पाटीवरून कन्नड अक्षरे लावली आणि आपले तूप व त्यांचे तुप्प, आपले अण्णा व त्यांचे अण्णा ही एकाच घरची मंडळी आहेत हे बाजारात उमजून घेतले, त्याला ही रीत परकी वाटत नाही. भाषा हा वादाचा विषय होण्याआधी लक्ष देऊन ऐकण्याचा विषय असतो, हे या खेळाचा नियम शिकवतो.

तिसरा 'वेंबा'. कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाची ही छोटी कथा. आईच्या जुन्या पाककृतींची पाने फाटली-डागाळली आहेत आणि हरवलेली पायरी आपण शोधायची आहे. इडलीची भांडी कोणत्या क्रमाने रचावीत हे चाचपडताना विस्मृती आणि वारसा यांची गाठ हातालाच लागते.

निराशेची कथा सांगताना मन जड होते, कारण ती आपल्याच घरची आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली आणलेली 'राजी' मी मोठ्या अभिमानाने हाती घेतली. पहाडी चित्रशैलीची छाया, राजस्थानी वास्तूंची भव्यता, छायाबाहुल्यांतून उलगडणारी कथा आणि निवेदनाला दुर्गा व विष्णू: वैभव असे की डोळ्यांचे पारणे फिटावे. तथापि लढाईत वार करणे आणि वार चुकवणे हा क्रम अन्यत्र शेकडो वेळा गिरवलेलाच आहे, आणि कथा रंगात आली असता अकस्मात संपते. पुण्याच्याच सुपरगेमिंगच्या 'इंडस'ने 2024 साली भारतीय भविष्याची वेशभूषा धारण केली, परंतु तिच्याखालचा सांगाडा जगभर रूढ असलेल्या शेवटी-उरेल-तो-जिंकेल याच प्रकाराचा राहिला. कौशल्याची उणीव या दोहोंत नाही. उणीव आहे ती आपल्या अनुभवातून आपला नियम घडवण्याच्या धारिष्ट्याची.

हे धारिष्ट्य आपल्या पूर्वजांपाशी होते. बेळगावहून आंबोलीचा घाट उतरले की सावंतवाडी लागते, आणि तिथे आजही दशावतारी गंजिफा रंगवला जातो: 120 वाटोळी पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा अंकांची पाने. दिवसा खेळताना उतारीचा मान रामाच्या राजाचा, रात्री कृष्णाच्या राजाचा. निम्म्या रंगांत दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्यांत एक्का. पुराणकथा इथे पानावरच्या चित्रात थांबत नाही, ती डावात उतरते. 'राजी'त मला जे उणे वाटले ते नेमके हेच.

मला आवडलेल्या तिन्ही खेळांत मराठी कोठे भेटत नाही, याची खंत आहेच. पण केवळ भाषांतराने ती फिटणार नाही. आमच्या भागात वडिलार्जित जमिनीचा उतारा कन्नडमध्ये मिळतो. मराठी शाळेत शिकलेला म्हातारा तो हातात धरून आपलेच शेत ओळखू पाहतो, आणि कन्नड शिकलेला नातू ओळीवर बोट ठेवून त्याला वाचून दाखवतो. नाव लागले की नाही, गुंठे बरोबर आले की नाही, चूक असेल तर कोणत्या कचेरीत किती हेलपाटे घालावे लागतील, आणि त्या दिवसाची मजुरी कोण भरून देईल? या प्रसंगाला चित्रकार, संगीतकार सहज मिळतील. त्यातला नियम मात्र तोच ओळखील, ज्याने लहानपणी कधी तरी त्या ओळीवर बोट ठेवले आहे. आणि तो हा खेळ रचील, त्या वर्षाचा हिशेब मांडताना अग्रपूजेसाठी मला दूरच्या काल्पनिक नाक्यावर जावे लागणार नाही.