मातीवर माती: लेपाचं काम चांगलं कधी म्हणायचं?

(नाहूर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, उन्हाळ्यात आपण माठ आणतो. तो लालभडक दिसतो, तो बऱ्याचदा गेरूमुळे. माठ सुकत आला की कुंभार त्यावर गेरूचा पातळ घोळ फिरवतो आणि मग भाजतो. म्हणजे रंगसुद्धा मातीच. स्टुडिओत यालाच स्लिप म्हणतात. लेप आणि भांडं सारखं आकसलं नाही, तर लेपाचे पोपडे निघतात. त्यामुळे लेप देणाऱ्याला खालची माती ओळखावीच लागते. माझ्या मते टीकेची कसोटीही इथेच आहे.

नाहूरहून धीमी लोकल पकडा, भायखळ्याला उतरा. राणीच्या बागेशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तिथे बॉम्बे स्कूल ऑफ आर्टची, म्हणजे आपल्या जे. जे.ची, एकोणिसाव्या शतकातली भांडी आहेत. 1870च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी हे काम उभं केलं, त्यासाठी सिंधमधले कुंभार आणले. त्याच सुमारास, 1872 ते 1885, जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेत होते. अजिंठ्याची नक्षी भांड्यांवरही आली.

आता दोन्ही प्रकार शेजारी ठेवा. सिंधी पद्धतीत लाल मातीवर पांढऱ्या लेपानं फुलं-पानं काढतात आणि वर पारदर्शक रंगीत झिलई देतात. झिलई एकच, पण लेपावर ती उजळ दिसते, उघड्या मातीवर गडद. म्हणजे भांड्याची मातीच चित्राचा अर्धा भाग होते. अजिंठ्याच्या आकृतीचं तसं होत नाही. ती भिंतीसाठी जन्मली. फुलदाणीच्या गोल पोटावर ती ताणली जाते, अर्धी नजरेआड जाते. रेघ कितीही सफाईदार असो, खाली भांडं आहे याची तिला गरजच नाही!

तुम्ही म्हणाल, या नक्षीमुळेच तर ही भांडी परदेशी प्रदर्शनांत पोचली. खरंय. कारागिराला काम मिळालं, हे छोटं नाही. पण गिऱ्हाईक मिळालं म्हणून नक्षी भांड्याला शोभली, असं होत नाही.

आपल्याकडे याहून जुना धडा आहे. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून ज्यांना नाव मिळालं, ती तीन हजार वर्षांपूर्वीची भांडी बघा. लाल अंगावर मोजक्या काळ्या, भौमितिक रेघा. त्या भांड्याच्या वळणाबरोबर फिरतात, म्हणून भांडं फिरवलं तरी तुटत नाहीत.

आज हौशी वर्गांतही आधी कागदावर चित्र ठरतं, मग त्यासाठी भांडं शोधलं जातं. अशा भांड्याला आपण कला म्हणतो आणि गेरूच्या माठाला माल. पुढच्या वेळी एवढंच विचारा: हा लेप या भांड्यावरून काढून ताटावर, भिंतीवर, कापडावर नेला तर काही बिघडेल का? काहीच बिघडणार नसेल, तर ते चित्र चांगलं असेल. लेपाचं काम मात्र नाही.