कर्णबधिरांच्या वर्गातील देणगीचे सामान : एक परीक्षण

पुस्तकांची परीक्षणे छापण्याची प्रथा आहे, सामानाची नाही. तरीही हे परीक्षण सामानाचेच आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कर्णबधिर मुलांच्या काही निवासी शाळांत आमचे कामानिमित्त जाणेयेणे असते. कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या स्मरणार्थ या शाळांना बरेच काही मिळते. त्यातले पुष्कळसे कपाटात राहते. ते तेथे का राहते, एवढाच आमचा प्रश्न आहे. शाळांची आणि दात्यांची नावे देत नाही, कारण कोणालाच नावे ठेवायची नाहीत.

एका शाळेतले कपाट मुख्याध्यापकांनी आमच्यासमोर उघडले. वरच्या खणात खिशात ठेवायची श्रवणयंत्रे, वायरी तुटलेली. त्याखाली परदेशातून आलेली, कुणीतरी वापरून सोडलेली कानामागची यंत्रे. मग फळाफुलांचे इंग्रजी तक्ते. तळाशी खोकेभर टेनिसचे चेंडू, प्रत्येकाला चीर दिलेली. हे चेंडू कशासाठी, ते शाळेत कोणालाच ठाऊक नव्हते. पाश्चात्त्य देशांत वर्गातल्या खुर्च्यांच्या पायांना असे चेंडू बसवतात, म्हणजे फरशीवर खुर्ची सरकल्याचा आवाज होत नाही. येथे मुले सतरंजीवर बसतात.

चेंडूंचे सोडून देऊ. श्रवणयंत्रांची गोष्ट अधिक गंभीर आहे. दाता श्रवणयंत्राकडे चष्म्यासारखे पाहतो : दिले, बसवले, झाले. परंतु अंतर्कर्णातील केशपेशी नष्ट झाल्या असतील तर आवाज नुसता मोठा करून भागत नाही. एखाद्या मुलाला ढोल ऐकू येतो, पण ‘स’ आणि ‘श’ मुळीच येत नाहीत, कारण त्यांची कंप्रता जास्त असते. म्हणून प्रत्येक मुलाच्या ऑडिओग्रामप्रमाणे यंत्र जुळवावे लागते. परदेशातले जुने यंत्र त्याच्या आधीच्या मालकाच्या कानाला जुळवलेले असते.

दुसरी अडचण मोल्डची. कानात बसणारा हा साचा मुलाच्या कानाचे माप घेऊन करतात. मूल वाढते, कान वाढतो, साचा सैल होतो. मग कानात सोडलेला आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो आणि यंत्र शिट्टी घालू लागते. ही शिट्टी त्या मुलाला बहुधा ऐकू येत नाही, शिक्षकांना मात्र असह्य होते. ते आवाजाचे चाक खाली फिरवतात. आता यंत्र मंद आणि कान साच्याने बंद. म्हणजे मुलाच्या कानात आपण बूच बसवले! असे ‘यंत्र लावलेले’ विद्यार्थी आम्ही एकाच वर्गात तीन पाहिले.

तिसरी अडचण सेलची. कानामागच्या यंत्रात जस्त-हवा प्रकारचा बटन सेल असतो. त्यावरचा चिकट कागद काढला की छिद्रांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. एकदा जागा झाला की यंत्र वापरा अथवा ठेवून द्या, तो काही आठवड्यांत संपतो. कोरड्या उन्हाळ्यात तर आतला ओलावाच उडून जातो, आणि मराठवाड्याचा मे महिना वाचकांना सांगावयास नको. एका ठिकाणी देणगीत सेलची पाकिटे आली. मोजून नोंद करताना कोणीतरी ‘तपासून घेऊ’ म्हणून सगळ्यांचे कागद सोलले. दिवाळीच्या सुटीनंतर सगळे सेल मेलेले होते. ही चूक करणाऱ्या बाई मनापासून हळहळत होत्या. पाकिटावरची सूचना इंग्रजीत होती.

आणि कपाटाला कुलूप का? कारण ‘डेडस्टॉक’! देणगीत आलेली वस्तू नोंदवहीत चढली की तपासणीच्या दिवशी ती दाखवता आली पाहिजे. मुलाने वायर तोडली तर उत्तर शिक्षकाला द्यावे लागते. वापरून झिजलेले यंत्र हा ज्या नोंदवहीत दोष आणि न वापरलेले यंत्र हा गुण ठरतो, तिच्यापुढे शिक्षकाने काय करावे? शासनाची स्थितीही फार वेगळी नाही. अपंगांना साधने देण्याची केंद्राची योजना १९८१ सालापासून आहे आणि तिने पुष्कळ मुलांपर्यंत यंत्रे पोहोचवली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु वाटपाच्या शिबिराचा फोटो निघतो. मोल्ड बदलण्याचा फोटो कोण काढणार?

आता ज्या वस्तूची देणगी कोणीच देत नाही तिच्याबद्दल. ती म्हणजे वर्गाची खोली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. ती घरे कोणालाही परत नको आहेत. त्यांच्या जागी सिमेंटची बांधकामे आली, शाळाही तशाच झाल्या, आणि ते योग्यच झाले. पण सिमेंटचे छत, गुळगुळीत गिलावा आणि फरशी आवाज शोषत नाहीत, परतवतात. शिक्षकाचा एक शब्द विरण्यापूर्वी दुसरा त्यावर येऊन पडतो. चांगल्या कानाचे मूल त्यातून वाट काढते, पण श्रवणयंत्र शब्द आणि घुमणे दोन्ही मोठे करते.

हे मोजता येते, आणि नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी जरूर मोजावे. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांना १८९५ साली एक घुमणारे व्याख्यानगृह सुधारण्यास सांगण्यात आले. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उसन्या आणल्या, एकेक वाढवीत आवाज विरण्याचा वेळ मोजला आणि सकाळपूर्वी परत नेऊन ठेवल्या! त्यातून निघालेले सूत्र असे : घुमण्याचा काळ (सेकंद) = ०.१६ × खोलीचे घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरसमीटर). सहा मीटर लांब, पाच रुंद, तीन उंच खोली घ्या. घनफळ ९०. सिमेंटचे पृष्ठभाग, वीस मुले आणि उघडी दारे-खिडक्या मिळून शोषण सुमारे १२ धरले तर काळ १.२ सेकंद येतो. वर्गासाठी ०.६ सेकंदाहून कमी असावा, असे अमेरिकेच्या २००२ च्या मानकात आहे, आणि कर्णबधिर मुलांसाठी तो त्याहूनही कमी हवा. आता भिंतींपासून थोड्या अंतरावर जाड गोधड्या टांगा, ३० चौरसमीटर. सुमारे ०.४ शोषणगुणांकाने शोषण १२ ने वाढते आणि काळ निम्मा, ०.६ सेकंद होतो. गोधडी मिळत नाही असे गाव मराठवाड्यात नाही. आगीची आणि धुळीची काळजी मात्र घ्यावी लागेल. लातूरच्या आडत बाजारातली रिकामी पोतीही दुहेरी-तिहेरी शिवून चालावीत, असा आमचा अंदाज आहे. करून पाहिलेले नाही.

तक्त्यांविषयी थोडक्यात. ओठांकडे पाहून शिकणाऱ्या मुलाला ‘पान’, ‘बाण’, ‘मान’ हे शब्द जवळजवळ सारखेच दिसतात, तर ‘काल’ आणि ‘गाल’ यांतला फरक घशापाशी असल्याने दिसतच नाही. म्हणून हवा आहे तो मराठी शब्द, चित्र आणि खूण एकत्र असलेला तक्ता. खुणांच्या बाबतीत आपण फार उशीर केला. १८८० च्या मिलान परिषदेने खुणांना वर्गाबाहेर काढले, आणि त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० सालची व्हँकुव्हरची परिषद उजाडली. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेची केंद्रीय संस्था २०१५ साली दिल्लीत झाली, आणि तिच्या कोशात २०२१ साली दहा हजार नोंदी झाल्या. तो पाहायला पैसे पडत नाहीत. वर्गात तो उघडणारा, स्वतः खुणांनी बोलणारा एखादा मोठा माणूस हवा. माजी विद्यार्थी गावात असतातच.

ज्या मुख्याध्यापकांनी कपाट उघडले त्यांनी पुढच्या भेटीत आम्हाला एक कागद दाखवला. देणगीदार विचारू लागले की ते आता तोच हातात देतात. त्यात आहे : सेल, महिन्याला इतके, यंत्राच्या वायरी, मोल्डचे वर्षातून एकदा पैसे, हातातले आरसे, गोधड्या, जुन्या चालतील. सेल आणि वायरी त्यांनी डेडस्टॉकमधून काढून खर्ची पडणाऱ्या वस्तूंच्या नोंदवहीत घेतल्या आहेत. तपासणीत त्यावर आक्षेप निघेल का, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, “निघाला तर लेखी उत्तर देऊ. सेल संपले, कारण पोरांनी यंत्रं वापरली.”