कॉर्नेलची पेटी

चित्र खरे आहे की नुसते गोड आहे, हा प्रश्न कलासमीक्षेत एरवी कोणी विचारीत नाही. विचारणे थोडे अरसिकपणाचेही समजले जाते. परंतु संगणकाने काढलेल्या चित्रापुढे उभे राहिले की तो टाळता येत नाही, कारण ही चित्रे छायाचित्राचे सोंग घेऊन येतात. या प्रश्नाला सरळ सामोऱ्या गेलेल्या एका चित्राचा आम्ही येथे विचार करणार आहोत. दिसायला ते अगदीच दरिद्री आहे : एक पेटी, तिची एक भिंत लाल, समोरची निळी, बाकी सारे पांढरे, आणि आत काहीही नाही.

हे चित्र अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात सिंडी गोरल, केनेथ टॉरन्स, डोनाल्ड ग्रीनबर्ग आणि बेनेट बॅटेल या चौघांनी १९८४ साली सिद्ध केले. चकचकीत वस्तूंमधील प्रतिबिंबे टर्नर व्हिटेड यांच्या १९८० च्या निबंधापासून संगणकाला साधू लागली होती. पण खरबरीत, निस्तेज पृष्ठभाग एकमेकांना जो उजेड देतात त्याचा हिशेब कोणी ठेवीत नसे; दिवा जेथे पोचत नाही तेथे एक ठोक उजेड फासून चित्रकर्ते मोकळे होत. वास्तविक हा उसना उजेड आपण घरोघर पाहतो. चुन्याच्या भिंतीशेजारी उन्हात लाल लुगडे वाळत घातले की भिंतीवर गुलाबी छटा उतरते. भिंत कोणी रंगवलेली नसते.

तापलेले पृष्ठभाग परस्परांना जी उष्णता देतात ती काढण्याचे अभियंत्यांचे गणित तयारच होते. या चौघांनी ते उचलले आणि प्रकाशाला लावले. भिंतींचे लहान लहान तुकडे कल्पावयाचे. प्रत्येक तुकड्याचा उजेड बाकी सर्व तुकड्यांवर अवलंबून. म्हणून जितके तुकडे तितकी समीकरणे, आणि ती सारी एकदम सोडवावयाची. रेडिओसिटी म्हणतात ती हीच. चित्रात पांढरी जमीन लाल भिंतीपाशी लालसर झाली, निळीपाशी निळसर. एवढ्याशा छटेसाठी इतका खटाटोप!

आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण मात्र गणितात नाही. त्यांनी तशीच खरी पेटी बांधली आणि चित्र तिच्या शेजारी ठेवले. १९८६ साली गॅरी मेयर, हॉली रशमायर, मायकेल कोहेन, ग्रीनबर्ग आणि टॉरन्स यांनी या तुलनेचा रीतसर प्रयोग प्रसिद्ध केला. एका कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर खरी पेटी, दुसऱ्याच्या काचेवर संगणकाचा पडदा. बघणाऱ्याने खरी कोणती ते सांगावयाचे. त्यांची उत्तरे नाणे उडवून दिलेल्या उत्तरांहून सरस ठरली नाहीत.

या यशाचे माप घेताना थोडे सावध राहिले पाहिजे. दुधी काचेवर खऱ्या पेटीनेही आपले बरेच तेज गमावले होते, आणि दोन डोळ्यांना कळणारी खोलीही. चित्राने डोळ्याशी नव्हे, कॅमेऱ्याने पाहिलेल्या पेटीशी बरोबरी केली. हा दोष नव्हे, मर्यादा आहे. पण ‘संगणकाने वास्तव गाठले’ असे म्हणणारे तिचा उल्लेख सोयीस्करपणे गाळतात. पितळेची समई या पेटीत ठेवली असती तर ते गणित तेथेच अडले असते, कारण झळाळी त्याच्या कक्षेत नव्हती. तिलाही सामावून घेणारे समीकरण जेम्स काजिया यांनी त्याच १९८६ साली मांडले.

मापाचाच विषय निघाला आहे तर पडद्याविषयीही बोलले पाहिजे. रंग तीन आकड्यांत सांगता येतो, हा आधार आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ साली मान्य केलेल्या कोष्टकांचा. ती राइट यांच्या दहा आणि गिल्ड यांच्या सात निरीक्षकांच्या डोळ्यांवरून तयार झाली. साऱ्या जगाचे रंग सतरा माणसांच्या नजरेने मोजले जातात, हे आम्हांस अजूनही नवलाचे वाटते. १९९६ साली पुढे आलेल्या एसआरजीबी या प्रमाणात प्रत्येक आकडा ० ते २५५ असतो. १२८ म्हणजे अर्धा उजेड असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तो सुमारे २२ टक्के असतो आणि अर्ध्यासाठी १८८ लागतात. डोळा अंधारातील फरक अधिक बारकाईने टिपतो म्हणून ही सोय. ती विसरून आकड्यांचीच बेरीज करणारे दोन दिव्यांचा उजेड चुकीचा मांडतात. शिवाय या प्रमाणात पडद्याचा पांढरा रंग चौरस मीटरला ८० कँडेला धरला आहे, तर भर दुपारच्या उन्हातली चुन्याची भिंत पंचवीस हजारांच्या घरात जाते. तेव्हा पडद्यावरचे ऊन हे नेहमीच उन्हाचे भाषांतर असते, आणि भाषांतरात काय सोडावे हे कोणी तरी माणूसच ठरवतो.

पुढे पेटीची निळी भिंत हिरवी झाली, आत दोन ठोकळे आले. कॉर्नेलने तिची मापे सर्वांना खुली केली हा मोठाच उपकार. पण आज प्रकाशगणिताचा नवा ग्रंथकर्ता या पेटीचे चित्र मंगलाचरणासारखे आरंभी छापतो आणि पुढे जातो. शेजारी खरी पेटी ठेवण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. एका संगणकचित्राची तुलना दुसऱ्या संगणकचित्राशी होते आणि दोन्ही जुळली की समाधान मानले जाते. सोनाराने आपले सोने आपल्याच दुसऱ्या दागिन्यावर घासून पाहावे, तसा हा प्रकार आहे.

त्या खुल्या मापांतही एक विसंगती आम्हांस खटकते. भिंतींचे परावर्तन ४०० पासून ७०० नॅनोमीटरपर्यंत दर ४ नॅनोमीटरला दिले आहे, म्हणजे गुंजेने तोलून. दिव्याचा प्रकाश मात्र चारच ठिकाणी : ४००, ५००, ६०० आणि ७००. मधले सगळे वाचकाने सरळ रेषेने जोडून घ्यावयाचे. आणि त्या चारांतील पहिला आकडा शून्य आहे.