‘गातो’ की ‘गाते’?

कुठं गाणं लागलं की आपला पहिला सवाल काय असतो? बाई गातेय का बुवा? गाणं काय म्हणतंय ते मागाहून. आडनाव विचारून माणूस जोखणाऱ्यांना आपण शिव्या घालतो, पण कानानं आपणही तेच करतो.

बेव्हर्ली ग्लेन-कोपलंड या गायकानं ह्या कानाचीच पंचाईत केली आहे. जन्म 1944, फिलाडेल्फिया. काळा. आई स्पिरिच्युअल्स गायची, बाप पियानो वाजवायचा. 1961 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तो संगीत शिकायला गेला, तिथल्या पहिल्या काही काळ्या विद्यार्थ्यांपैकी एक. जगाच्या लेखी तेव्हा तो मुलगी होता, आणि मुलींवर प्रेम करणारी मुलगी. समलिंगी संबंध त्या देशात 1969 पर्यंत गुन्हा होता. शिक्षण अर्धवट टाकून तो बाहेर पडला. आपण पुरुष आहोत हे त्यानं जाहीरपणे सांगितलं 2002 साली. नाव मात्र बेव्हर्लीच ठेवलं.

1970 च्या सुमाराच्या त्याच्या रेकॉर्डी ऐका. फोक आणि जाझच्या बांधावरची गाणी, शब्द नि चाल त्याचीच. आवाज युरोपी शास्त्रीय तालमीत घासलेला, एका स्वरावरून दुसऱ्यावर झेप घेणारा. जणू दर ओळीला परीक्षा देतोय. 1986 ची ‘कीबोर्ड फँटसीज’ ही कॅसेट लावा. यामाहाचा सिंथेसायझर, रोलँडचं तालयंत्र, आणि आवाजातली परीक्षा संपलेली. तो खाली उतरलाय, पसरलाय. या कॅसेटच्या त्यानं स्वतःच 200 प्रती काढल्या. त्यातल्या थोड्याच खपल्या. 2015 साली जपानमधल्या एका रेकॉर्डविक्रेत्यानं उरलेल्या प्रती मागितल्या, तेव्हा कुठं जगाचे कान उघडले. ज्यांनी स्टेन्सिल कापून, शाईनं हात माखून अंक काढलेत त्यांना 200 ह्या आकड्याची किंमत सांगायला नको. 2023 च्या ‘द वन्स अहेड’मध्ये तर आवाज ऐंशीला टेकलेल्या माणसाचा आहे. थरथरतो, कापतो, पण लपत नाही.

हा बदल वयाचा किती नि शरीराचा किती, हा हिशेब डॉक्टरनं करावा. समीक्षेनं करू नये. आपल्या भाषेत पोराचा घसा फुटतो, आणि दबलेल्याला वाचा फुटते. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारू रसिक पहिलीची चौकशी करतो. कोपलंडच्या गाण्यात घडते ती दुसरी, आणि ती 2002 च्या कितीतरी आधी सुरू झालेली आहे. माणूस जे बोलू शकत नव्हता ते आवाज आधीच करून बसला होता. पुरुषाच्या खणात मावत नाही, बाईच्याही नाही.

कुणी कार्यकर्ता विचारेल, ह्यात विद्रोह कुठाय? हा तर पाणी, ऋतू, नव्यानं उगवणं असलं गातोय. सवाल रास्त आहे. 2023 च्या ‘स्टँड अँथेम’मध्ये तो थेट घोषणेकडं वळतो, तिथं मला चाल घोषणेच्या ओझ्याखाली दबलेली वाटते. पण ‘एव्हर न्यू’ ऐका. ज्याला घर, कायदा, बाजार सगळ्यांनी नाकारलं तो ऐकणाऱ्याचं स्वागत करतोय. रागानं ओरडणं सोपं नसतंच, पण असं मऊ राहणं त्याहून अवघड. तो 1970 च्या दशकापासून निचिरेन परंपरेचा बौद्ध आहे. आपला नवयान वेगळा, तेव्हा ‘आपलाच माणूस’ म्हणून हार घालायची घाई नको. पण मैत्रीचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे, तो इथं सुरात ऐकू येतो.

आता अडचण आपल्या भाषेची. इंग्रजीतला त्याचा ‘मी’ ना पुरुष ना बाई. मराठीत आणायचा तर ‘मी गातो’ का ‘मी गाते’ हे ठरवल्याबिगर वाक्य पुढं सरकत नाही. मी इथं ‘तो’ लिहिलं, कारण आपण पुरुष आहोत हे त्यानंच सांगितलंय. दुसऱ्यानं परस्पर ठरवायचं नसतं, एवढाच नियम. नाव दुसऱ्यानं ठेवण्याचा जाच आपल्याहून जास्त कुणी सोसलाय?

तमाशातला नाच्या तोंड उघडतो तेव्हा हशा पिकतो. वस्तीत टाळी वाजली की आपली माणसंही दार लोटून घेतात. उद्या आपल्याच सभेत, भीमगीतांच्या कार्यक्रमात, असा आवाज माईकसमोर आला तर पुढच्या रांगेतले कार्यकर्ते काय करतील? हसतील, की गाणं ऐकतील? आपल्या सांस्कृतिक चळवळीची परीक्षा तिथं आहे.