यंत्राची दूरदृष्टि

साथीच्या रोगांवर जगभर पाळत ठेवणाऱ्या कृत्रिम बुद्धीची स्तुति अलीकडे इतक्या मुक्तकंठानें होत आहे कीं, तिचा एक गाजलेला दाखला तपासून पाहणें आम्हांस अवश्य वाटतें.

बोस्टन येथील बाल-रुग्णालयांत २००६ सालीं 'हेल्थमॅप' ही योजना सुरू झाली. अनेक भाषांतील वृत्तें व सरकारी पत्रकें यंत्राकडून अहोरात्र वाचवून घ्यावयाचीं, आणि रोगाचें नांव व स्थळ आढळतांच नकाशावर खूण करावयाची, ही तिची रीत. पश्चिम आफ्रिकेंतील गिनी देशांत पसरलेल्या तापाची वार्ता तिनें १४ मार्च २०१४ रोजीं टिपली. जागतिक आरोग्य संघटनेनें इबोलाची साथ जाहीर केली ती २३ मार्चला. यंत्रास नऊ दिवस आधीं कळलें, असा डंका त्या वेळीं वाजला.

पण गेकेडू व मासेन्ता येथील आरोग्यसेवकांनीं या अनोळखी तापाची वर्दी आपल्या सरकारास १० मार्चलाच दिली होती! यंत्रानें वाचलें तें अखेर मनुष्यानेंच लिहिलेलें. शिवाय, मागाहून लागलेल्या शोधाप्रमाणें, मेलियांदू या खेड्यांतील पहिलें मूल दगावलें तें डिसेंबर २०१३ मध्यें. मधले तीन महिने रोग फिरत होता व नकाशा कोरा होता. जी बातमी कोणीं लिहिलीच नाहीं, ती यंत्र वाचणार कोठून? पुढें या साथींत ११,००० हून अधिक माणसें मेलीं.

यंत्र निरुपयोगी आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. वूहानमधील न्यूमोनियाची सूचना हेल्थमॅपनें ३० डिसेंबर २०१९ रोजीं दिली, आणि 'प्रोमेड' या माणसांनीं चालविलेल्या संस्थेनेंही जवळजवळ त्याच वेळीं दिली. तथापि जागतिक आणीबाणी जाहीर झाली ती ३० जानेवारी २०२० रोजीं. सूचना मिळाल्यावर काय करावयाचें, हें ठरविणें मनुष्याकडेच राहिलें.

सारांश, यंत्र हें उत्तम वाचक आहे, साक्षीदार नव्हे. साक्षीदार म्हणजे आडगांवीं रोग्याच्या उशाशीं बसणारी परिचारिका. यंत्रावर द्रव्य जरूर खर्चावें. परंतु तिचा पगार तोडून तें खर्चाल, तर जगाचा नकाशा सुरेख दिसेल आणि खरी बातमी तेवढी त्यावर उमटणार नाहीं.