एका देहातली जुगलबंदी

‘नवरंग’मधलं होळीचं नृत्य बहुतेकांच्या लक्षात राहतं ते हत्तीमुळे. माझी नजर मात्र अभिनेत्री संध्याबाईंच्या पाठीवर खिळते. १९५९च्या या चित्रपटात रंग चुकवणारी तरुणी आणि तिची खोडी काढणारा गडी, दोघंही त्यांनी एकट्यानं उभे केले. पुढून बाई, डोक्याच्या मागच्या बाजूला पुरुषी मुखवटा. गर्रकन वळल्या की माणूसच बदलतो.

हॉलिवुडचा जीन केली १९४४ साली ‘कव्हर गर्ल’मध्ये स्वतःच्याच प्रतिरूपाबरोबर नाचला, पण तिथे एका चित्रावर दुसरं चित्र चढवण्याची करामत होती. इथे दुसरा माणूस कॅमेऱ्यानं घडवलेला नाही. गडी आपल्या दिशेनं चालून येतो, तेव्हा बाई उलट्या पावली येत असतात. हात मागे न्यायचे आणि ते त्याच्या छातीपुढे आहेत असं भासवायचं! मुखवट्याला भुवई उडवता येत नाही, डोळा घालता येत नाही. त्याची सगळी मिजास खांद्यांतून आणि पावलांतून यावी लागते. ती येते. वळताक्षणी तोच ताठ खांदा लाडिक होतो. सी. रामचंद्रांच्या चालीवर आशा भोसले आणि महेंद्र कपूर असे दोन आवाज भांडतात, आणि ते भांडण हा एकच देह पेलतो.

विजया देशमुख हे संध्याबाईंचं मूळ नाव. व्ही. शांताराम यांनी १९५१च्या ‘अमर भूपाळी’त, पेशवाईतल्या शाहीर होनाजीच्या कथेत, त्यांना पडद्यावर आणलं. ‘झनक झनक पायल बाजे’साठी (१९५५) त्या गोपीकृष्ण यांच्याकडे कथक शिकल्या आणि पडद्यावर त्यांच्याच जोडीनं नाचल्या. तिथे मेहनत दिसते. ‘नवरंग’मध्ये ती अंगात मुरली आहे. ‘पिंजरा’तला (१९७२) तमाशाचा ठसका त्याच्याही पुढचा.

त्यांचा अभिनय भडक होता, असं म्हटलं जातं. संवादांपुरतं मलाही ते पटतं. नृत्यात मात्र तोच ठळकपणा त्यांचं बळ ठरला, कारण शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल एवढी रेषा त्या अंगानं काढत.

ऑक्टोबर २०२५मध्ये त्या गेल्या. पुण्यात ज्या प्रभात स्टुडिओच्या आवारात शांतारामबापूंनी चित्रपट घडवले, तिथे १९६०पासून चित्रपटाचं शिक्षण दिलं जातं. तिथल्या मुलांना हे नृत्य एकदा आवाज बंद करून दाखवावं.